बोका की भाटी?

घरात मांजर आणायचं, यावर आमचं एकमत फार लवकर झालं. भांडण पुढे होतं. सासूबाईंचं म्हणणं, आणायची तर भाटीच. बोका भिंतीभिंतीवर मुतून ठेवतो आणि वयात आला की चार-चार दिवस तोंड दाखवत नाही. नवऱ्याचं म्हणणं, बोकाच बरा. पिल्लं झाली तर ती कोणाच्या गळ्यात बांधायची, आणि बोक्याचं ऑपरेशन स्वस्तात, एका दिवसात उरकतं. मुलगा पाचवीत. त्याला काहीही चाललं असतं, फक्त लवकर. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे निकाल मी द्यावा अशी सगळ्यांची अपेक्षा. रंगांधळेपणा आणि हिमोफिलिया आईकडून मुलाकडे कसा जातो ते मी झोपेतही फळ्यावर काढून दाखवीन. डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर बोका बरा की भाटी, हे अभ्यासक्रमात नाही.

सासूबाईंचा अनुभव माझ्या पदवीपेक्षा जुना. राजापूरजवळ त्यांचं माहेर. पडवीत, माळ्यावर, पावसाळ्यात चुलीच्या उबेला तिथे मांजरं असायचीच. ती कोणी मुद्दाम पाळलेली नव्हती, होती एवढंच. भाटी वर्षातून दोनदा तरी व्यायची, पिल्लांना तोंडात धरून सात घरं फिरवायची, आणि त्यातली दोन-तीन जगायची. एकाच वेतात एक काळं, एक पट्ट्यांचं, एक तांबडं. (यात अतिशयोक्ती काही नाही. माजावर असताना भाटी एकाहून जास्त बोक्यांशी लागली, तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात.) बोके वयात आले की निघून जायचे, परत आलेच तर कान फाटलेला, गालावर गळू झालेलं. भाटी घरची आणि बोका गावचा, हे त्यांचं ठाम गणित.

मला त्यात खोटं काही दिसत नव्हतं. फक्त त्या घरात एकाही मांजराचं कधी ऑपरेशन झालेलं नव्हतं. बोक्यांबद्दल आणि भाट्यांबद्दल आपण जे ऐकत वाढलो, ते बहुतेक सगळं अशाच मांजरांकडे बघून ठरलेलं आहे. बोका भटकतो, भांडतो, मुताने हद्द आखतो, हा टेस्टोस्टेरॉनचा कारभार. भाटी रात्र-रात्र ओरडते आणि दार उघडं दिसलं की सटकते, हा अंडाशयांचा. आमच्या घरी येणाऱ्या पिल्लाचं यातलं जे काही असेल ते पाच-सहा महिन्यांत काढलं जाणार होतं. मग बोका आणि भाटी यांच्यात फरक उरतो तो किती, आणि कसला? स्टाफरूममध्ये विचारून पाहिलं. एक बाई म्हणाल्या, बोके लाघवी असतात, भाट्या आपल्याच तोऱ्यात. दुसऱ्या म्हणाल्या, छे, अगदी उलट. दोघींनी आयुष्यात एकेकच मांजर पाळलं होतं.

कल्याणला खडकपाड्याकडे एक ताई आहेत, रस्त्यावरची आजारी, टाकलेली मांजरं घरी आणून बरी करतात आणि नीट घर बघून देतात. त्यांच्याकडे फोन केला. मी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "मेल हवा असेल ना?"

"असं का वाटलं तुम्हाला?"

"सगळ्यांना मेलच हवा असतो. फीमेल म्हटलं की दोन दिवसांत सांगतो म्हणतात, आणि मग फोनच उचलत नाहीत."

हे मला नवीन होतं. आमच्या घरात भाटीची बाजू घेणाऱ्या सासूबाई होत्या, पण त्या जुन्या घरातल्या. फ्लॅटमध्ये राहणारी माणसं नवऱ्यासारखा विचार करतात: पिल्लांची कटकट नको, ऑपरेशनचा खर्च कमी. त्याचा दुसरा परिणाम ताईंनी सांगितला तो वाईट होता. पोत्यात घालून त्यांच्या दारात आणून टाकलेल्या पिल्लांत माद्याच जास्त निघतात.

रविवारी सगळे गेलो. आतल्या खोलीत दोन मोठे पिंजरे, एक जुनं कपाट दारं काढून ठेवलेलं, आणि पिल्लं जिथे मावतील तिथे. मुलाने एका नारिंगी पिल्लाकडे बोट दाखवलं, तर ताई म्हणाल्या, "हा बोका." तीन रंगांच्या एका पिल्लाकडे न बघताच म्हणाल्या, "ती भाटी." मुलाला जादूच वाटली. मला मात्र तिथेच तास घ्यावासा वाटला, आणि थोडा घेतलाच.

मांजराचा नारिंगी रंग ठरवणारा जनुक एक्स गुणसूत्रावर बसलेला असतो. बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे एका जनुकात काम भागतं आणि तो नारिंगी होतो. भाटीला अंगभर नारिंगी व्हायला दोन्ही एक्सवर तो लागतो. म्हणून दर पाच नारिंगी मांजरांत साधारण चार बोके असतात. भाटीच्या एका एक्सवर नारिंगी असेल आणि दुसऱ्यावर नसेल, तर भ्रूण असतानाच प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स बंद करून टाकते. कुठे हा, कुठे तो. अंगावर नारिंगी आणि काळे डाग पडतात ते त्यामुळे. पांढरा रंग वेगळ्या जनुकाचा. असे तीन रंग बोक्यात दिसायचे तर त्याच्याकडे सहसा एक्सएक्सवाय अशी तीन गुणसूत्रं असावी लागतात. तसा बोका हजारोंत एखादा, आणि तोही बहुधा वांझ. तो नारिंगी जनुक नेमका कोणता, हे मात्र एवढ्यातच कळलं. जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या गटांनी 2025 मध्ये एक्सवरचा एक छोटा तुकडा हरवल्याने हा रंग येतो, हे दाखवून दिलं. पुस्तकातल्या रंगांधळेपणाऐवजी मी आता वर्गात हेच उदाहरण घेते. मुलं जागी राहतात.

बाकी पिल्लांचं रंगावरून सांगता येत नाही, शेपटी उचलावीच लागते. ताईंनी काळ्या-पांढऱ्या पिल्लाला एका हातात आणि तिरंगीला दुसऱ्या हातात धरून दाखवलं. दोघांनाही दोनच जागा दिसतात, वरची शीची आणि खालची शूची. बोक्याच्या दोन्ही जागा गोल ठिपक्यांसारख्या, आणि मध्ये चांगलं सेंटीमीटरभर अंतर, कारण तिथे पुढे गोट्या उतरायच्या असतात. भाटीच्या दोन्ही अगदी जवळजवळ, आणि खालची उभ्या चिरेसारखी. अंगठ्याएवढ्या पिल्लात हे भल्याभल्यांना चकवतं, म्हणून एकाच वेतातली दोन शेजारी धरून बघायची आणि दोन महिन्यांची झाल्यावर पुन्हा एकदा. सासूबाई चष्मा वर करून बघत होत्या. म्हणाल्या, "इतकी मांजरं बघितली, पण हे काही बघितलं नव्हतं. आम्ही आपलं ती व्यायली की भाटी म्हणायचो."

नारिंगी पिल्लू देखणं होतं, पण आम्ही खोलीत होतो तेवढा वेळ ते कपाटाखालून बाहेर आलं नाही. उल्हासनगरच्या बाजारातून आणलं तेव्हाच ते तीन महिन्यांचं झालं होतं. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाच्या हातात किती वेळ राहिलं, यावर पुढचा त्याचा स्वभाव फार अवलंबून असतो. त्या वयात माणूस ओळखीचा झाला नाही तर नंतर तो होतो, पण वेळ घेऊन, आणि घरात पाचवीतला मुलगा असेल तर आणखी वेळ घेऊन. आम्ही ते मागे ठेवलं. बोका म्हणून नव्हे.

उरली दोन. तिरंगी भाटी आणि तिचा सख्खा भाऊ, काळा-पांढरा बोका. दोघं ताईंच्याच न्हाणीघरात जन्मलेली, दोघं तितकीच धीट, दोघं मुलाच्या बुटाच्या नाड्या ओढायला एकदमच आली. म्हणजे प्रश्न आता निव्वळ बोका की भाटी एवढाच राहिला, दुसऱ्या कशाची सबब नाही. ताई म्हणाल्या, "दोन्ही न्या." असं त्या सगळ्यांना म्हणतात, आणि चुकीचं म्हणत नाहीत, दोन पिल्लं एकमेकांना दमवतात आणि पडदे वाचतात. पण भावंडं झाली तरी वयात आल्यावर एकमेकांना लागतात, त्यामुळे दोघांची ऑपरेशनं वेळेत आणि जवळजवळ करावी लागतात. त्यात बोक्याचं झालं तरी पुढचे काही आठवडे तो बाप होऊ शकतो. आमच्या घरात तेवढी जागाही नव्हती आणि सासूबाईंचा तेवढा होकारही नव्हता.

निर्णय न घेताच परतलो. वाटेत रिक्षात नवऱ्याने पुन्हा ऑपरेशनचं काढलं, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. घरात मांजर नसताना मांजराबद्दल विचारायला आलेली बाई बघून त्यांना गंमत वाटली, पण वेळ दिला त्यांनी.

खर्चाचं नवऱ्याचं म्हणणं खरं निघालं. विचारलं त्या ठिकाणी बोक्याचे 2,500 ते 3,500 रुपये, भाटीचे 4,000 ते 6,000. कारण साधं आहे. बोक्याच्या पिशवीवर छोटीशी चीर देऊन गोट्या काढतात, बहुधा टाकाही लागत नाही, आणि तो दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा थाटात फिरतो. भाटीचं पोट उघडावं लागतं. अंडाशय आणि गर्भाशय काढायचं, आत टाके, बाहेर टाके, मग दहा-बारा दिवस उड्या मारू द्यायच्या नाहीत आणि जखम चाटू द्यायची नाही. घरात कोणीतरी असावं लागतं.

"पण ताई, ऑपरेशन एकदाच होतं," डॉक्टर म्हणाले. "पुढची पंधरा वर्षं कोणाला काय होऊ शकतं तेही बघा."

मग त्यांनी बोक्याच्या मूत्रनलिकेचं सांगितलं. ती लांब आणि टोकाला फार अरुंद असते. लघवीत खडे किंवा गाळ झाला की तिथे अडकतो आणि लघवी पूर्ण बंद होते. भाटीची नलिका आखूड आणि रुंद, त्यामुळे तिला मूत्राशयाचा त्रास झाला तरी असं बूच सहसा बसत नाही. बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, आणि घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. एक-दोन दिवस गेले की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. आदल्याच आठवड्यात असा एक बोका त्यांच्याकडे आला होता. घरच्यांनी आदल्या रात्री त्याला एरंडेल पाजलं होतं. तो वाचला, पण नळी घालून बरेच दिवस ठेवावा लागला. बोका घेतलात तर पाणी भरपूर पोटात जाईल असं बघा, नुसत्या कोरड्या खाण्यावर ठेवू नका, आणि तो दिवसातून लघवी करतोय की नाही यावर लक्ष ठेवा, असं त्यांनी बजावलं.

भाटीच्या बाजूला गर्भाशयात पू होणं आणि स्तनाच्या गाठी. मांजरातल्या स्तनाच्या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्याच निघतात. पण ऑपरेशन लवकर केलं तर दोन्ही भीती जवळजवळ संपतात. गर्भाशयच नाही तर पू कुठे होणार, आणि सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या भाट्यांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका 91 टक्क्यांनी कमी असल्याचं 2005 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे भाटीचा मोठा त्रास सुरुवातीला एकदा काढायचा. बोक्याचा सुरुवातीला काही नाही, पुढे कधी येईल किंवा कधीच येणार नाही.

आणि सासूबाईंचा तो बोक्याच्या मुतण्याचा मुद्दा? ते मी मुद्दाम विचारलं. बोक्याच्या मुताला तो वास येतो तो फेलिनिन नावाच्या एका अमिनो आम्लामुळे. ऑपरेशन न झालेल्या बोक्यात ते भरपूर असतं, आणि बाहेर पडल्यावर त्यातून गंधकाची संयुगं सुटतात. ऑपरेशन झालं की त्याचं प्रमाण उतरतं, आणि दहातले साधारण नऊ बोके शेपटी ताठ करून भिंतीवर पिचकारी मारणं सोडून देतात किंवा त्या भानगडीत पडतच नाहीत. एखादा राहतो. गंमत अशी की ऑपरेशन झालेल्या भाट्यांतही शंभरात पाचेक मारतात. हे घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पाच म्हणजे काहीच नाही. दहा म्हणजे दुप्पट." बारावीच्या वर्गाला जे समजवायला मला जानेवारी उजाडतो, ते त्यांनी भाजी निवडताना केलं.

रात्री बसून मांडणी केली. आमचं घर सकाळी आठला रिकामं होतं, फक्त सासूबाई असतात. त्यांची नजर आता अधू. बाल्कनीतल्या ट्रेमध्ये मांजर चारदा का बसतंय, हे त्यांना दिसेल याची खात्री नाही. उलट दहा-बारा दिवस मांजर मांडीवर घेऊन बसायचं असेल तर त्यांच्याएवढं लायक माणूस ठाणे जिल्ह्यात नाही. म्हणजे आमच्या घरापुरतं पारडं भाटीकडे झुकत होतं. दुसऱ्या घरात, जिथे नवरा-बायको दोघं नोकरीवर आणि दिवसभर कुलूप, तिथे ऑपरेशननंतरचे दिवस बघता मी बोका म्हटलं असतं.

तरी नवरा पैशांवर अडला होता. त्याला मी ताईंचं फोनवरचं बोलणं सांगितलं: बोक्याला आठवड्यात घर मिळेल, तिरंगीला कधी ते सांगता येत नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग विचारत काय बसलीस?" शास्त्राचं काही नाही यात. पण निर्णय झाला तो ह्या वाक्यावर, हे खरं.

ताईंनी फॉर्म भरून घेतला. बाल्कनीला आणि खिडक्यांना जाळी, तिचा फोटो पाठवायचा, मग मांजर. सहाव्या महिन्याच्या आत ऑपरेशन. नाही जमलं तर कुठेही सोडायची नाही, परत त्यांच्याकडे आणायची. जाळीवाल्याने चार वेळा उद्या सांगितलं. तेवढ्यात काळ्या-पांढऱ्याला बदलापूरचं घर मिळालंसुद्धा.

मुलाने तिचं नाव भेळ ठेवलं. सासूबाई ते नाव घेत नाहीत, त्या मनीच म्हणतात. पहिली लस ताईंनी दिलेली होती, महिन्याभराने दुसरी आणि रेबीजची आमच्याकडे. ऑपरेशनसाठी डॉक्टरांनी दिवाळीच्या सुट्टीतली तारीख दिली. तोवर ती पाच महिन्यांची होणार होती.

पण भाटी कॅलेंडर बघत नाही. नवरात्रात एका रात्री दोनच्या सुमारास बाहेरच्या खोलीतून असा आवाज आला की नवरा धडपडत उठला. भेळ जमिनीवर लोळत होती, मागचा भाग वर, शेपटी एका बाजूला, आणि घशातून तो लांबलचक सूर. "पोटात दुखतंय तिच्या, गाडी काढतो," नवरा म्हणाला. सासूबाई आतूनच म्हणाल्या, "झोप रे. माजावर आलीय ती."

चार महिन्यांच्या पुढे भाटी कधीही माजावर येऊ शकते, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि रात्री दोनला ऐकणं यांत फरक आहे. मांजराचा माज दिवसाच्या उजेडाच्या लांबीवर चालतो. युरोपात हिवाळ्यात दिवस लहान झाले की भाट्या गप्प होतात. आपल्याकडे तो फरक इतका थोडा की वर्षभर कधीही. त्यातून मांजरीचं बीज सहसा बोक्याशी संग झाल्यावरच सुटतं. बोका नाही, तर बीज नाही, तर माज ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सकाळी विचारलं, "बाळ आलंय का कुणाचं तुमच्याकडे? रात्रभर रडत होतं." तिसऱ्या दिवसापासून कंपाउंडच्या भिंतीवर संध्याकाळी दोन बोके येऊन बसायला लागले. त्यातल्या एकाचा कान फाटलेला बघून सासूबाईंना माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं. कचरेवाली बेल वाजवायची तेव्हा आधी भेळला आतल्या खोलीत कोंडायचं, मग दार उघडायचं, असा नियमच झाला.

शेजारच्या इमारतीतल्या एकांनी सुचवलं, एक इंजेक्शन मिळतं, दिलं की मांजर गप्प. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी साफ नाही म्हटलं. ते संप्रेरकाचं असतं, आणि ज्या गर्भाशयातल्या पूची आणि स्तनाच्या गाठींची भीती घालवायला आपण ऑपरेशन करतो, ती त्याने उलट वाढते. ऑपरेशन लगेच करून टाका म्हटलं, तर माजात रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होतो. करता येतं, पण घाई नसेल तर थांबलेलं बरं, म्हणाले. आम्ही थांबलो. तिचा तो आठवडा कोजागरीपर्यंत चालला. सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध पिताना लोक आमच्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी विसरणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. आदल्या रात्रीपासून खाणं बंद, सकाळी सोडली, संध्याकाळी घरी. डावी कूस भादरलेली, त्यावर टाके. गळ्यात प्लॅस्टिकची ती फनेलसारखी कॉलर घातली तर ती नुसती उलटी चालायला लागली. भिंत लागेपर्यंत मागे, मग वळून पुन्हा मागे. चाटू तर द्यायचं नव्हतं. सासूबाईंनी जुन्या सुती साडीचं झबलं शिवलं, चार पायांना चार भोकं, पाठीवर बंद. मुलाच्या बारशाला शिवलं होतं त्याच मापावरून सुरुवात केली, म्हणाल्या. ते झबलं घालून भेळ सरळ चालली. डॉक्टरांनी पुढच्या खेपेला मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घेतला.

दुखण्यावरचं औषध त्यांनीच मोजून दिलं होतं. घरातली पॅरासिटामॉल चुकूनही द्यायची नाही, अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि नवऱ्याने फ्रिजवर लिहून लावलं. टाके निघेपर्यंत ती सासूबाईंच्या मांडीवर होती. सुट्टी संपून आम्ही कामाला लागलो तेव्हा घरी त्या दोघीच. संध्याकाळी आलं की सासूबाई दिवसभराचा वृत्तान्त द्यायच्या: किती खाल्लं, किती वेळा शू, टाक्याजवळ लाल आहे की नाही. ज्या नजरेवर माझा भरवसा नव्हता तिने भिंगातून टाका तपासलेला असायचा.

पुढे काय झालं म्हणाल तर ओरडणं गेलं, दाराकडे धावणं गेलं, भिंतीवरचे बोके दोन दिवस आले आणि मग दुसरीकडे कुठे गेले. बाकी ती होती तशीच. मिक्सर सुरू केला की त्याच्यावर चालून जाते, पाहुण्यांच्या पिशवीत डोकं घालते, रात्री मुलाच्या पायांवर झोपते. बदलापूरच्या भावाचे फोटो ताईंकडून येतात. त्याचंही ऑपरेशन झालं, त्याने एकदाही भिंत खराब केलेली नाही, आणि मिक्सर लागला की तो पलंगाखाली. बोक्यांनी धीट असावं आणि भाट्यांनी लाजावं, हे त्या दोघांच्या कानावर गेलेलं नाही.

एक त्रास मात्र बोका असता तरी टळला नसता. ऑपरेशननंतर मांजराची भूक वाढते आणि शरीराची गरज कमी होते. डॉक्टरांनी खाणं काट्यावर तोलून द्यायला सांगितलं, पूर्वीपेक्षा पावपट कमी. सकाळी मी तोलून देते. दुपारी सासूबाई उकडलेला बांगडा काटे काढून देतात. पोट फाडलंय तिचं, अंगात ताकद कशी येणार, असं म्हणतात. पोट फाडून आता चार महिने झाले. मागच्या वेळी काटा सव्वाचार किलोवर गेला, तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी सासूबाईंकडे. त्या म्हणाल्या, "झबल्याचं वजन धरलंत का?" झबलं तिच्या अंगावर नव्हतंच.